लंडन ते पॅरिस: बोट, बोगदा की विमान? (सोबत आईबाबा आणि आठ वर्षांची लेक)

खारेगावची_लेक
मे महिन्यात लंडनला जातोय. भाऊ हॅरोला राहतो, आठ दिवस त्याच्याकडे. मग चार दिवस पॅरिस आणि परत ठाणे. आईबाबा, आम्ही दोघं आणि लेक, असे पाच जण.

लंडन ते पॅरिस कसं जायचं यावरून घरात तीन पक्ष झालेत. नवरा म्हणतो विमान, तासाभरात विषय संपला. बाबा रेल्वेत पस्तीस वर्षं ट्रॅकवर होते, त्यांना समुद्राखालचा बोगदा बघायचाय. पासपोर्टच त्यासाठी काढला म्हणतात. आईचं म्हणणं, बोगद्यात पाणी शिरलं तर? त्यापेक्षा मांडव्याला जातो तशी बोट बरी. लेकीला माळशेजच्या तिसऱ्या वळणाला उलटी होते, आणि बाबांचा उजवा गुडघा दुखरा आहे.

स्वतः प्रवास केलेल्यांनीच सांगा प्लीज. टूरवाल्यांची पत्रकं घरात ढीगभर आहेत.

घोडबंदरचा_प्रवासी
ताई, विमान हवेत सव्वा तासच असतं हे खरं. पण घराच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत धरा.

विमान: हॅरोहून हीथ्रो ४० मिनिटं, दोन तास आधी पोचायचं, सव्वा तास उड्डाण, पॅरिसला इमिग्रेशनची रांग, बॅगांची वाट, मग शार्ल द गोल विमानतळावरून शहरात यायला २५ किलोमीटर. सव्वापाच ते सहा तास.

यूरोस्टार (म्हणजे बोगद्यातून जाणारी ट्रेन): हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइन थेट किंग्ज क्रॉसला, सेंट पँक्रास स्टेशन त्याला लागूनच. सव्वा-दीड तास आधी जा. गाडी साधारण २ तास २० मिनिटांची आणि उतरता थेट गार द्यु नोरला, म्हणजे शहरातच. साडेचार तास धरा.

शिवाय फ्रान्सचे पासपोर्टवाले लंडनच्या स्टेशनातच बसलेले असतात. पॅरिसला उतरलं की रांग नाही, सरळ बाहेर. गुडघेवाल्या माणसाला याचं मोल विचारा. व्हीलचेअरची मदत मात्र आधी बुक करा.

(पॅरिसचं घड्याळ एक तास पुढे आहे. तो तास रेल्वेने खाल्ला असं बाबांना वाटायला नको.)

सीवूड्सचा_सन्या
मी विमानवाला होतो. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून घेतलं, ते निघालं ल्यूटनहून. ल्यूटन लंडनपासून जवळपास ५० किलोमीटर. मुंबई म्हणायचं आणि कल्याणहून विमान सोडायचं, असला प्रकार. गेटवर बॅग मोजली, थोडी जास्त भरली, आणि जे पैसे घेतले त्यात दुसरं तिकीट आलं असतं. कंपनीचं नाव घेत नाही, चूक माझीही होती, अटी वाचल्या नव्हत्या. सुरक्षा तपासणीत बायकोच्या आईने दिलेली लोणच्याची बाटली गेली ती वेगळीच. ते दुःख अजून घरात निघतं.

घोडबंदरचा_प्रवासी
लोणचं यूरोस्टारने वाचलं असतं. १०० मिलीची अट तिथे नाही. माणशी दोन बॅगा आणि एक हातातली, लांबी ८५ सेंटिमीटरपर्यंत. वजन कोणी करत नाही. पण हमालही नाही, डब्यात स्वतःच चढवायच्या, तेव्हा नवऱ्याला आत्तापासून कामाला लावा. पेढे मात्र इथूनच नेऊ नका, दुधाचे पदार्थ ब्रिटनलाही चालत नाहीत आणि युरोपलाही.

मोरेकर
बोटीची बाजू कोणीच घेत नाही म्हणून लिहितो. उरणचा माणूस, मोरा-भाऊचा धक्का लाँचमध्ये वाढलो, आता उलव्यात. डोव्हर-कॅले मी केलंय, मावसभावाच्या गाडीतून.

गाडी बोटीच्या पोटात शिरते. वर-खाली ट्रक, डिझेलचा वास, भिंतीला रंगीत खुणा. आपण कोणत्या मजल्यावर आणि कोणत्या जिन्याजवळ आहोत ते लिहून घ्यायचं, नाहीतर उतरताना घोळ. इंजिन बंद, हँडब्रेक, आणि सगळे वर. बोट चालू असताना गाडीपाशी येऊ देत नाहीत. वर डेकवर वारा असा की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. मागे पांढरे कडे लहान लहान होत जातात, दीड तासाने फ्रान्स. एवढं छान दुसऱ्या कशात नाही.

पण ताई, हे गाडी असेल तरच. तुम्ही पायी. मुळात सगळ्या कंपन्या पायी प्रवासी घेत नाहीत. घेतले तरी लंडनहून डोव्हरची ट्रेन, तिथून बंदर, कॅलेला उतरून परत स्टेशन, मग पॅरिसची ट्रेन, आख्खा दिवस जातो. आणि मांडव्याची बोट डोक्यात ठेवून आईंना नेऊ नका. बोट मोठी असते, पण ती खाडी खवळली की कपबश्या सरकतात. लेकीसाठी अ‍ॅव्होमिन घेतलीत तर डोस डॉक्टरांना विचारून, आणि बोट हलायच्या आधी. हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही.

खारेगावची_लेक
मोरेकर दादा, तुमचं वाचून मलाच बोट हवीशी वाटायला लागली!! पण मुद्दा पटला. भावाकडे गाडी आहे, तो सोडायला आला तर?

मोरेकर
मग दुसरा एक प्रकार आहे. गाडीच ट्रेनमध्ये घालायची. फोकस्टनहून कॅलेजवळ, ३५ मिनिटं, आपण आपल्या गाडीतच बसून. पण पाच जण, बॅगा आणि भाऊ, एका गाडीत मावणार का? आणि त्याला एकट्याला परत यायचंय.

रुळावरचा_म्हातारा
मी कळव्याचा, निवृत्त. तुमचे वडील आमच्याच बिरादरीतले दिसतात, म्हणून हे त्यांना वाचून दाखवा.

साहेब, बोगदा ५० किलोमीटरचा, त्यातला ३८ च्या आसपास समुद्राखाली. ६ मे १९९४ ला उद्घाटन. तीन बोगदे आहेत: जाणारा, येणारा, आणि मध्ये देखभालीचा. मधला आधी खणला, आणि १ डिसेंबर १९९० ला इंग्रज आणि फ्रेंच कामगार आतमध्ये भेटले. खडूमिश्रित चिखलमातीचा थर सापडला म्हणून हे जमलं, खणायला मऊ आणि पाणी फारसं झिरपू न देणारा. ब्रिटिश बाजूची बोगदा खणणारी काही यंत्रं काम झाल्यावर बाजूला खाली वळवून तिथेच गाडून टाकली. बाहेर काढणं जास्त महाग पडलं असतं.

वहिनींना सांगा, बोगदा पाण्यातून जात नाही, समुद्राच्या तळाच्याही खाली, सरासरी चाळीसेक मीटर खडकातून जातो. आग लागली होती, १९९६ आणि २००८ मध्ये, दोन्ही वेळा ट्रक नेणाऱ्या गाड्यांना. माणसं त्या मधल्या बोगद्यातून बाहेर काढली, जीव कोणाचाही गेला नाही. हे वहिनींना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आपल्याकडेही बुलेट ट्रेनसाठी बीकेसी ते शिळफाटा २१ किलोमीटरचा बोगदा होतोय, त्यातला ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून. तो होईपर्यंत गुडघे चालोत.

ऐरोली_सेक्टर८
सगळे गाडी-बोट बोलताहेत, व्हिसाचं कोणी बोलत नाही! ब्रिटनचा वेगळा, शेंगेनचा (फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक) वेगळा. पॅरिस बघून लंडनला परत येऊन मुंबई, असं करू नका. मुंबईला थेट पॅरिसहूनच या. लंडनला उतरायचं, पॅरिसहून निघायचं, असं तिकीट एकत्र बघा, दोन सुटी घेण्यापेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडतं. शेंगेनला एकदाच शिरायचं असल्याने सिंगल एंट्री पुरते. आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात पासपोर्टवर शिक्क्याऐवजी ठसे-फोटोची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे, त्यामुळे सेंट पँक्रासला जरा जास्तच वेळ ठेवा.

यूरोस्टारचं तिकीट विमानासारखं महाग होत जातं. मे म्हणजे गर्दी. व्हिसा आला की त्याच रात्री काढा. आम्ही आठवडाभर "बघू" म्हणत बसलो आणि पाच जणांचा फरक पाहून नवरा दोन दिवस बोलला नाही.

खारेगावची_लेक
सगळ्यांचे आभार. यूरोस्टार ठरली, परतीचं विमान पॅरिसहून. नवऱ्याला साडेचार आणि सहा तासांचा हिशेब दाखवला, तो गप्प. आईला खडकाचं सांगितलं, आगीचं नाही. लेकीला ट्रेन लागत नाही, दरवर्षी कोकणात जातो, त्यामुळे तिची काळजी नाही.

बाबांनी आता नवीन प्रश्न काढलाय, खिडकीची जागा कोणत्या बाजूची घ्यायची म्हणजे समुद्र दिसेल.

रुळावरचा_म्हातारा
कुठलीही घ्या. आत वीस मिनिटं नुसता काळोख असतो. पारसिकच्या बोगद्यात शिरल्यासारखा, पण तो सव्वा किलोमीटरच्या जरा वर, लगेच संपतो. बोगद्यात वेगही १६० वर उतरतो आणि कानात किंचित दडा बसतो. खिडकी फ्रान्समध्ये कामाला येते, तिथे गाडी ३०० ने पळते. रुळांचा सांधा वाजतो का ते ऐकायला सांगा साहेबांना. मला काही ऐकू आला नाही.