आबाजींची पदकं कशी ओळखायची?

संत्रावाला_काटोल: आमचे आबाजी मागच्या महिन्यात गेले. ९१ वर्षांचे होते. महार रेजिमेंटमधले, १९६५ अन् १९७१, दोन्ही लढाया पाहिलेले. लढाईचं विचारलं की म्हणायचे, "थंडी लय होती बाप्पा," अन् गाडी थेट संत्र्याच्या आंबिया बहारावर. कोळशी रोगानं संत्र्याची बाग कशी गेली, ते मात्र तासभर सांगत! ट्रंकेत तीन पदकं निघाली, फितींचा रंग उडालेला. नातवंडांसाठी चार पानं लिहायची आहेत. सुरुवात कुठून करू?

कामठीचा_माजी_सैनिक: आधी ब्रासो, म्हणजे ते पितळेचं पॉलिश, लावू नका, हात जोडतो. भिंग घेऊन गोल पदकाची कड पाहा, तिथं नंबर अन् नाव कोरलेलं असतं. १९७१ ला पूर्वेकडं असतील तर पूर्वी स्टार, पश्चिमेकडं असतील तर पश्चिमी स्टार. संग्राम मेडल वेगळं. खरा खजिना म्हणजे डिस्चार्ज बुक, फौजेतून सुटताना मिळतं ते नोकरीच्या नोंदींचं पुस्तक. ते नसेल तर सैनिक नंबर टाकून मध्य प्रदेशातल्या सागरला रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. आजी आहेत का? मग लिखाण राहू द्या, आधी कुटुंब पेन्शनचं बघा.

उमरेडकर: कोळशीचंही लिहा भाऊ. निम्म्याहून जास्त आयुष्य बागेतच गेलं ना त्यांचं.

संत्रावाला_काटोल: आजी आहे. बुक तिच्याच पेटीत होतं, रेशनकार्डाखाली! पण त्यात तिचं नाव माहेरचं लिहिलंय, आधारवर दुसरंच. पेन्शनला अडेल का जी?

कामठीचा_माजी_सैनिक: अडू शकतं. सोमवारी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, बुक अन् आधार दोन्ही न्या.