बस सगळ्यांना सारखीच नेते म्हणे!

मेघना_र : काल एकाने इथे लिहिलं की वाहतूक नियोजनात बायकांचा वेगळा विचार म्हणजे फॅड, बस सगळ्यांना सारखीच नेते. डोकंच फिरलं. बस सारखी असेल हो, फेऱ्या सारख्या नसतात! पोराला शाळेत सोडा, सासूबाईंना डॉक्टरकडे न्या, मग काम, येताना सामान. प्रवासाच्या सर्व्हेत ह्यातलं थोडं 'खरेदी'त जातं, थोडं 'इतर'मध्ये, आणि घर ते ऑफिस तेवढं ठळक दिसतं. माद्रिदच्या नगररचनेच्या प्राध्यापक इनेस सांचेझ दे मादारियागा कधीपासून सांगतायत, घरच्यांच्या काळजीसाठीचा प्रवास एकत्र मोजा.

सरळमार्गी : काल लिहिणारा मीच. पोरीला शाळेत मीही सोडतो. पण बस मोजक्या असताना त्या गर्दीच्या वेळेलाच लावणार ना, का दुपारी रिकाम्या फिरवायच्या? आणि स्वीडनचे गोडवे गाऊ नका, बायका जास्त चालतात म्हणून स्टॉकहोमने फुटपाथचा बर्फ आधी काढायचं ठरवलं आणि २०१६च्या नोव्हेंबरात शहर ठप्प झालं.

अनघा : त्या वर्षी नोव्हेंबरातला बर्फच विक्रमी होता, खापर मात्र धोरणावर फोडलं. थोड्या बर्फातून गाडी निघते, बाबागाडी अडकते, एवढा साधा हिशोब आहे तो.

कुंदाताई : फुटपाथवर बर्फ नसला तरी गाड्या लावलेल्या असतातच. आणि स्वच्छतागृहांचं काय? लांब जायचं असलं की मी सकाळपासून पाणी पीत नाही, एकदा त्यापायी इन्फेक्शन होऊन तापाने झोपले होते. स्टँडवर होतं स्वच्छतागृह, कुलूप लावलेलं!

सरळमार्गी : ताई, पुरुषांचीही तीच बोंब आहे.

कुंदाताई : तीच कशी? तुम्ही आडोसा बघता, मी कुठे जाऊ?

अनघा : गरोदर असताना मी मधल्याच स्टॉपला उतरायचे, ओळखीच्या एका ऑफिसात जायला. पुन्हा चढलं की पुन्हा तिकीट. रस्त्यावर उभं राहून मोकळं होणाऱ्यांनी आम्हाला समानता शिकवू नये!

सरळमार्गी : मी असलं काही करत नाही, तोंड सांभाळून बोला. पुन्हा तिकिटाचं मात्र चूक आहे, ठरावीक वेळेत तेच तिकीट चालायला हवं, तेवढं मान्य. पण मग सवलत टप्पे करणाऱ्या सगळ्यांना द्या, नुसती बायकांना नको.

मेघना_र : द्या की सगळ्यांना, टप्पे जास्त कोणाचे हे आपोआप कळेल. आणि रात्री दोन स्टॉपच्या मध्ये उतरू द्या, माँट्रियलने १९९६ मध्येच बायकांसाठी ते सुरू केलं, त्याला नवी बस लागत नाही की नवा रस्ता.

सरळमार्गी : रात्रीचं ठीक. दुपारच्या रिकाम्या बसचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

कुंदाताई : तासाला एक बस ठेवलीत तर रिकामीच जाणार! तिच्यावर भिस्त ठेवून घराबाहेर कोण पडेल?