थंडीत पहाटे छोटा ट्रॅक्टर पकडत नाही, दुपारी मात्र एका सेल्फमध्ये सुरू

बागायतदार_निफाड

२४ एचपीचा, तीन सिलिंडरचा, द्राक्षबागेत चालणारा छोटा ट्रॅक्टर आहे. इनडायरेक्ट इंजेक्शन, ग्लो प्लगवालं (सुरू करण्याआधी आतून तापवणारे विजेचे प्लग) इंजिन. मीटरवर साधारण २,१०० तास. थंडी वाढल्यापासून पहाटे फार छळतो. इकडे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा ६-७ अंशांवर उतरला की हमखास.

चावी हीटरवर धरतो, डॅशबोर्डवरचा दिवा लागतो आणि विझतो, मग सेल्फ मारतो. इंजिन बऱ्यापैकी फिरतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, पण पकडत नाही. बऱ्याच वेळा सेल्फ मारल्यावर एकाच सिलिंडरवर फटफटत उठतो. मिनिटभर सगळा ट्रॅक्टर हादरतो, डोळ्यांना झोंबणारा धूर निघतो, मग एकेक करत बाकीचे सिलिंडर लागतात. त्यानंतर दिवसभर तक्रार नाही. ताकद आहे, काळा धूर नाही, ऑइल खात नाही. दुपारी चावी फिरवली की लगेच सुरू.

डिझेल फिल्टर दिवाळीत बदलला आहे. बॅटरीला दोन हंगाम झाले. एक मिस्त्री म्हणतो पंप आणि नोझल कॅलिब्रेशनला द्या. दुसरा म्हणतो कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) गेलं, हाफ इंजिन (इंजिन उघडून रिंगा वगैरेंचं काम) करावं लागेल. एअर क्लीनरच्या तोंडाशी बोळा पेटवून धरला की उठतो, पण तसं रोज करायचं नाही. पहाटे फवारणीचा ब्लोअर लावायचा असतो. आधी काय तपासू?

पाना_बारा_तेरा

भाऊ, पंपाला हात लावू देऊ नका. अजून तरी नको.

सेल्फ मारताना पांढरा धूर येतोय, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, फवारलं जातंय, फक्त पेटत नाहीये. तो धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ. धूर अजिबात नसता तर हवा धरली का, बंद करायचा सोलेनॉइड उघडतो का, फिल्टर चोंदला का, ते बघायला सांगितलं असतं. तुमच्याकडे डिझेल आहे, उष्णता कमी आहे.

इनडायरेक्ट इंजिनात डिझेल पिस्टनच्या डोक्यावर थेट पडत नाही. हेडमध्ये एक छोटं गोल चेंबर असतं, नोझल त्यात फवारतं. दाबलेली हवा तापते खरी, पण या चेंबरच्या गार भिंती ती उष्णता लगेच ओढून घेतात. म्हणून या इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशो २२-२३ च्या आसपास असूनही थंडीत ग्लो प्लगशिवाय भागत नाही. दुपारी धातूच ३० अंशांवर असतो, तेव्हा प्लग मेले असले तरी कळत नाही. शिवाय तुमचा ट्रॅक्टर आधी एकाच सिलिंडरवर उठतोय. माझा अंदाज: एक प्लग जिवंत, दोन गेलेले.

दिव्यावर विश्वास ठेवू नका. बऱ्याच ट्रॅक्टरांत तो नुसता टायमरवर चालतो. तिन्ही प्लग जळाले तरी तसाच लागतो आणि विझतो.

तपासणी अशी. इंजिन गार असताना तिन्ही प्लगना जोडणारी पट्टी पूर्ण काढा. पट्टी तशीच ठेवून मोजलंत तर एका चांगल्या प्लगमुळे तिन्ही चांगले दिसतील, इथेच बहुतेक जण फसतात. मल्टिमीटर सर्वांत खालच्या ओहम रेंजवर घ्या, दोन्ही पिना एकमेकींना टेकवून वायरचा स्वतःचा रोध बघा (०.२-०.३ येईल) आणि तो वजा करा. मग एक पिन प्लगच्या टोकाला, दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूला. चांगला प्लग साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो. मीटरने ओएल (म्हणजे रोध मापाबाहेर) दाखवलं किंवा काहीच हललं नाही तर प्लग तुटलेला.

मीटर नसेल तर टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या प्लसला आणि टोक प्लगला लावा. दिवा लागला तर आतली तार शाबूत. पण यातून प्लग किती तापतो ते कळत नाही. त्यासाठी क्लँप मीटरने करंट मोजावा, आणि तो डीसी मोजणारा हवा. साधे क्लँप मीटर फक्त एसी मोजतात, ते इथे शून्यच दाखवतील. असा प्लग सुरुवातीला जास्त करंट ओढून मग ८ ते १२ अँपिअरच्या आसपास स्थिरावतो. तीन चांगले असतील तर मुख्य वायरवर २५-३० दिसायला हवेत.

आणि बोळा पेटवणं आजच बंद करा. चिंधीचा तुकडा आत ओढला गेला किंवा एअर फिल्टरचा कागद पेटला तर खरोखरच हाफ इंजिन करावं लागेल.

सह्याद्री_फार्म_गियर

बोळ्यापेक्षा स्टार्टिंग स्प्रे मिळतो तो मारा. एका फवाऱ्यात उठतो.

पाना_बारा_तेरा

ग्लो प्लगवाल्या इंजिनात तो स्प्रे कधीच नाही! त्यात ईथर असतं. ते साधारण १६०-१८० अंशांलाच पेट घेतं, आणि इथे प्लगचं टोक लालभडक असतं. पिस्टन वर यायच्या आधीच भडका उडतो. मग रिंगा तुटतात, पिस्टनच्या खाचा फुटतात, कधी मॅनिफोल्डमध्येच स्फोट होतो.

वायरमन_दादा

प्लगबरोबर बाकीची वीजही मोजून घ्या. 'बऱ्यापैकी फिरतं' हे माप नव्हे. डिझेल इंजिन सुरू होताना मिनिटाला २००-२५० फेरे फिरलं पाहिजे. १५० च्या खाली गेलं की हवा दाबली जाता जाता रिंगांच्या कडेने निसटते आणि तापायला सवडच मिळत नाही.

रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी पहाटे, काही चालू न करता मोजा. १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. हायड्रोमीटर असेल तर प्रत्येक कप्प्यातल्या ॲसिडची ग्रॅव्हिटी (घनता) बघा, १२६५ ते १२८० हवी. पाच कप्पे सारखे आणि एक बराच खाली, तर बॅटरी बदलायचीच. चार्जिंगला लावून उपयोग नाही.

मग एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने मोजायचं:

– बॅटरीच्या दोन्ही टोकांवर: ९.६ व्होल्टच्या खाली जाता कामा नये.
– बॅटरीच्या मायनस खांबापासून इंजिन ब्लॉकपर्यंत: ०.२-०.३ पेक्षा जास्त नको.
– बॅटरीच्या प्लस खांबापासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत: ०.५ च्या आत.

पिन खांबावरच टेकवा, क्लँपवर नाही. नाहीतर खांब आणि क्लँप यांच्यामधला गंज मापात येतच नाही. छोट्या ट्रॅक्टरांत अर्थिंगच्या वायरचा बोल्ट बहुतेक वेळा रंगावरच आवळलेला असतो. फवारणीच्या औषधांनी तिथे हिरवट थर धरतो. काढा, सँडपेपरने धातू चकचकीत करा, आवळा, वरून पेट्रोलियम जेली.

हीटर चालू असताना पट्टीवरचा व्होल्टेजही बघा. १०.५-११ च्या खाली असेल तर रिले, फ्यूज किंवा चावीचा स्विच मधेच व्होल्ट खातोय.

काळी_माती_परभणी

माझा प्रश्न जोडतो. आमचा दोन सिलिंडरचा डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) ट्रॅक्टर आहे, त्याला ग्लो प्लगच नाहीत. तोही थंडीत जड जातो. त्याला काय बघायचं?

पाना_बारा_तेरा

डीआयमध्ये डिझेल थेट पिस्टनच्या वाटीत पडतं, उष्णता खाणारं वेगळं चेंबर नसतं, म्हणून आपल्याकडच्या थंडीत प्लगाविना चालतं. काहींच्या मॅनिफोल्डमध्ये हवा तापवणारा हीटर असतो, तुमच्यात आहे का बघा. नसेल तर वायरमन दादांनी दिलेली मापं घ्या, डीआयचा त्रास बहुतेक वेळा फेरे कमी पडण्याचाच असतो.

ऑइलवर फार खापर फोडू नका. १५डब्ल्यू-४० असेल तर ६-७ अंशांना ते काहीच नाही. २०डब्ल्यू-५० भरलं असेल तर मात्र बदला. सुरू करताना क्लच पूर्ण दाबा, म्हणजे गिअरबॉक्समधलं गार, घट्ट ऑइल सेल्फला घुसळावं लागत नाही. आणि हात-थ्रॉटल निम्म्यावर ठेवा.

पंपरूम

पंपाचंच काम करतो, तरी सांगतो: या लक्षणांवर पंप काढायची गरज नाही. पंप बिघडला तर दुपारीही त्रास देतो.

डिझेलच्या बाजूने दोन गोष्टी बघा. पहिली, रात्रीत हवा शिरते का. रिटर्नच्या छोट्या रबरी नळ्या कडक होऊन तडकतात, रात्री डिझेल टाकीकडे उतरतं आणि पहाटे पंप अर्धा रिकामा असतो. फिल्टर ते पंप या तुकड्यात तात्पुरती पारदर्शक नळी घाला. पहाटे तिच्यात बुडबुडे दिसले तर गळती शोधा. नाही दिसले तर हा विषय संपला. हवा काढायचीच झाली तर आधी फिल्टरचा स्क्रू अर्धा फेरा सैल करा, बुडबुडे थांबले की आवळा, मग पंपाचा, शेवटी नोझलचे नट. फवाऱ्यासमोर बोट नेऊ नका, तो दाब कातडीतून आत घुसतो.

दुसरी, डिझेल कोणत्या महिन्यात घेतलेलं आहे. आयएस १४६० या डिझेलच्या भारतीय मानकाप्रमाणे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हिवाळी डिझेल. ज्या तापमानाला मेण धरून फिल्टर चोंदतो त्याची मर्यादा हिवाळ्यात ६ अंश आणि उन्हाळी डिझेलला १८ अंश आहे. ऑक्टोबरात बॅरल भरून ठेवला असेल तर तो उन्हाळी माल. मेणाचं लक्षण वेगळं असतं: इंजिन उठतं, मिनिटा-दोन मिनिटांत धाप लागून बंद पडतं आणि फिल्टरच्या वाटीत डिझेल दुधाळ दिसतं. तुमचं तसं नाही, पण बॅरल वापरत असाल तर लक्षात असू द्या.

रॉकेल मिसळून पातळ करायचा सल्ला कुणीतरी देईलच. बीएस-६ डिझेलमध्ये गंधक आधीच १० पीपीएमवर आलंय आणि पंपाचं वंगण डिझेलमध्ये घातलेल्या रसायनावर अवलंबून असतं. रॉकेल घालून तेही पातळ केलंत तर पंपाचे एलिमेंट (आतले दाब देणारे भाग) घासतात.

बागायतदार_निफाड

मापं घेतली. वायरचा रोध वजा करून पंख्याकडचा प्लग १.१ ओहम, मधला ओएल, मागचा ओएल. हीटर चालू असताना पट्टीवर ११.९ व्होल्ट. बॅटरी पहाटे १२.५, सेल्फ मारताना ९.७. मायनस ते ब्लॉक ०.७ आलं. पारदर्शक नळीत बुडबुडे नाहीत. डिझेल पेट्रोल पंपावरून ताजंच घेतो.

दोन्ही मेलेले प्लग काढले. मागचा वरून ठीक दिसतो, मधल्याचं टोक फुगून वितळल्यासारखं झालंय. दोनच बदलू की तिन्ही? आणि कॉम्प्रेशन बघायचं का?

वायरमन_दादा

०.७ खूप झालं. अर्थिंगचा बोल्ट आधी साफ करा, सेल्फचे फेरे लगेच वाढतील.

पट्टीवरच्या ११.९ वर खूश होऊ नका. दोन प्लग करंट ओढतच नाहीत, म्हणून तो आकडा चांगला दिसतोय. तिन्ही नवे बसवल्यावर पुन्हा मोजा. तेव्हा १०.५ च्या खाली घसरला तर रिलेचे पॉइंट जळालेत. अजून एक: इंजिन सुरू होऊन दोन-तीन मिनिटं झाल्यावर पट्टीवर शून्य यायला हवं. काही ट्रॅक्टरांत सुरू झाल्यावरही थोडा वेळ हीटर चालू राहतो, तेवढं चालेल. पण व्होल्टेज तसंच राहिलं तर रिले चिकटलाय, आणि तो नवे प्लगही जाळणार.

पाना_बारा_तेरा

तिन्ही बदला. प्लगवर छापलेला व्होल्ट जुन्याशी जुळवूनच घ्या. दिसायला सारखे, पण कमी व्होल्टचे प्लग १२ व्होल्टवर काही सेकंदांत जातात.

कॉम्प्रेशन बघायचं तर आत्ताच बघा, भोकं उघडीच आहेत, तिसराही काढा. या आकाराच्या इनडायरेक्ट इंजिनांत २९ ते ३३ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) चांगलं समजतात, २३ च्या खाली गेलं तर काम निघतं, आणि सिलिंडरांमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असेल, तो धरा. एखादा कमी आला तर त्या भोकातून चमचाभर, ५ मिली, इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा उडी मारून वर गेला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. व्हॉल्व्ह निघाला तर हेड उतरवण्याआधी टॅपेट गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट) तपासा. गॅप घट्ट असला तरी व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही.

पंपरूम

मधल्या प्लगचं वितळलेलं टोक रिलेमुळेही असू शकतं, पण मग तिन्ही तसेच दिसायला हवेत. एकाचंच तसं आहे, तेव्हा त्या सिलिंडरचं नोझल पाझरतंय असा संशय आहे. पंप जागेवर राहू द्या, फक्त मधलं नोझल काढून टेस्टरवर लावा. अशा नोझलचा उघडण्याचा दाब साधारण १४० किलो असतो. त्याच्या १० किलो खाली धरून ठेवल्यावर टोकाला थेंब जमायला नको. जमला तर नोझल बदला आणि बसवताना कॉपर वॉशर नवा घ्या.

पाना_बारा_तेरा

प्लग बसवण्याआधी भोकातला कार्बन साफ करा, नाहीतर टोक चेंबरमध्ये पूर्ण उतरत नाही. चुड्यांना थोडं अँटी-सीझ (चुड्या जाम होऊ न देणारी पेस्ट), टोकाला नाही. आधी हाताने फिरवत न्या, मग गोटी पान्याने. एम-१० चुडीला १५ ते २० न्यूटन-मीटर पुरे. पट्टीच्या छोट्या नटाला तर लांब पाना लावूच नका. तिथली काडी पिळली की नवा प्लग तिथेच बाद.