पोर्तुगीजमध्ये आजी आणि आजोबा वेगळे कसे ऐकू येतात?

पंचवटीची आजी:
मुलगी लिस्बनला, जावई तिकडचेच. नात दीड वर्षाची. तिच्याशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की पोर्तुगीज घोकत बसते. काल व्हिडिओ कॉलवर म्हटलं, ‘मी तुझी अव्हो.’ विहीणबाईंनी लगेच सांगितलं, अव्हो म्हणजे आजोबा. आजी म्हणजे अव्हॉ. मला दोन्ही सारखेच ऐकू येतात हो. पोरगी चुकीचं शिकेल, याचीच काळजी.

गंगापूर रोडकर:
काकू, हा फरक तुमच्या तोंडात आहेच. आधी ‘ओठ’ म्हणा, मग ‘ऑफिस’. ओठातला ओ आजोबांचा, ऑफिसातला ऑ तुमचा. जोर शेवटच्या अक्षरावर. लिहिताना आजोबांच्या ओवर टोपी, आजीच्या ओवर तिरकी रेघ. आणि आजी-आजोबा दोघांना मिळून ‘अव्हॉश’ म्हणतात, तिथे आजीचाच ऑ चालतो! मला हे फार आवडतं.

सातपूरहून:
पावाचंही लक्षात ठेवा. शब्द आपल्याकडे त्यांच्याकडूनच आला, पण त्यांचा नाकातून येतो. नाक विसरलात तर त्याचा अर्थ काठी. पेरू मात्र मागू नका, तिकडे पेरू म्हणजे टर्की पक्षी. आपल्या पेरूला गोयाबा.

पंचवटीची आजी:
भाकरी थापताना ‘ओठ, ऑफिस’ चाललंय. आत्ता ऑ नीट आला! लेकीला व्हॉइस मेसेज पाठवलाय.