उबुंटूसाठी जागा वाढवताना विंडोज सुरक्षित कसे ठेवावे?

प्रश्न: माझ्या संगणकावर विंडोज ११ आणि उबुंटू या दोन्ही प्रणाली आहेत. उबुंटूचे ४० जीबी आता अपुरे पडत असल्याने विंडोजच्या सी ड्राइव्हमधून ६० जीबी काढून तिकडे द्यायचे आहेत. हे सुरक्षितपणे कसे करावे?

उत्तर १: आधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्यावा. सी ड्राइव्ह विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करावा. फास्ट स्टार्टअप मात्र बंद ठेवावे, कारण ते चालू असताना विंडोज पूर्णपणे बंद होत नाही आणि अशा अर्धवट निजलेल्या पार्टिशनवर (डिस्कच्या भागावर) लिनक्सने, म्हणजे उबुंटूने, काही लिहिल्यास माहिती बिघडू शकते. बिटलॉकर (विंडोजची डिस्क कूटबद्ध करणारी सोय) असल्यास तिची रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडणारा क्रमांक, जपून ठेवावी.

उत्तर २: एवढ्याने भागणार नाही. मोकळी जागा बहुधा उबुंटूच्या आधी येते, त्यामुळे लाइव्ह यूएसबीवरून (उबुंटू थेट पेनड्राइव्हवरून चालवून) जीपार्टेड या पार्टिशन बदलण्याच्या प्रोग्रामने उबुंटूच्या पार्टिशनची सुरुवातच सरकवावी लागते. त्यात सगळा डेटा हलतो आणि मध्येच वीज गेल्यास तो हाती लागेलच असे नाही. मी तरी त्या जागेत नवे पार्टिशन करून ते होम (वापरकर्त्याच्या फाइलींचा फोल्डर) म्हणून जोडेन.

प्रश्नकर्ता: सुरुवातीचे १०० एमबीचे पार्टिशन पुसले तर चालेल का?

उत्तर २: मुळीच नाही! ते ईएफआय पार्टिशन असावे. दोन्ही प्रणालींचे बूटलोडर (प्रणाली सुरू करणारे छोटे प्रोग्राम) सहसा त्यातच असतात.