अनुभव धागा: छोटं जहाज, मोठं बिल, कसं निवडलंत?

मोठ्या क्रूझवर लिहून झालंय बऱ्याच जणांचं, वॉटरस्लाईड, कॅसिनो, बुफेची रांग वगैरे. इथे फक्त लहान जहाजांबद्दल लिहूया, शे-दोनशे माणसांची पण खिसा रिकामा करणारी. ब्रोशर सगळ्यांचीच चकचकीत असतात, तुम्ही शेवटी कशावरून ठरवलंत? आमचे हे रिटायर होतायत, घरात रोज जेवताना हाच विषय.

हिमगौरी: अंटार्क्टिका असेल तर आधी विचारा, जहाजावर माणसं किती. तिथे एका जागी एका वेळी 100 पेक्षा जास्त प्रवासी उतरवत नाहीत आणि 500 च्या वर प्रवासी असलेलं जहाज कुणालाच उतरवत नाही, नुसतं लांबून दर्शन. दोनशेच्या जहाजावर पाळ्या लागतात, तुमची पाळी येईस्तोवर झोडियाक नावाच्या छोट्या रबरी बोटीतून हिमनगांभोवती चक्कर, तीही झकास असते म्हणा. आम्ही याच हिशोबाने जहाज निवडलं, बटलर नि शॅम्पेन गेलं खड्ड्यात. उतरायच्या आधी बूट धुवायचे, कपडे-बॅगा तपासून घ्यायच्या, बाहेरचं बी तिकडे जायला नको म्हणून. माझ्या हातमोज्याच्या वेल्क्रोत गवताची कुसळं अडकलेली, सिंहगडाचीच असणार, स्टाफमधली एक मुलगी चिमटा घेऊन बसली आणि एकेक काढून कागदावर ठेवत होती, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पोटात_गोळा: वरच्या पोस्टला +1, पण ड्रेक पॅसेजचं, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकामधल्या खवळलेल्या समुद्राचं पण सांगा की लोकांना! अर्जेंटिनातल्या उशुआयाहून जायला साधारण दोन दिवस, यायला तेवढेच, आणि लहान जहाज डोलणारच. एजंट सगळ्यात वरच्या मजल्यावरचा सूट गळ्यात मारतात, महाग तो आणि हलतो पण तोच जास्त. खालच्या मजल्यावरची मधोमध केबिन घ्या, बाल्कनी नसली तरी चालेल, त्या हवेत बाल्कनीत बसणार कोण? फारच धास्ती असेल तर चिलीच्या पुंता अरेनासहून अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटापर्यंत विमानाने जाता येतं, दोनेक तास, फक्त हवा बिघडली की तिथेच खोळंबा.

शंखशिंपले: आम्ही गॅलापागोस केलं, इक्वेडोरची बेटं. तिथे 100 प्रवाशांच्या वरचं जहाज मिळतच नाही, बाकीची तर 16 माणसांची कॅटमरान (दोन सांगाड्यांची बोट) पण आहेत. त्यामुळे जहाजापेक्षा रूट बघा. एकाच जागी त्याच जहाजाला 14 दिवसांच्या आत परत जाता येत नाही, म्हणून एका आठवड्यात सगळी बेटं होतच नाहीत. न उडणारे कॉर्मोरंट (पाणकावळे) बघायचे तर पश्चिमेचा रूट, फर्नांडिना आणि इसाबेलाची मागची बाजू. अल्बाट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी हवा असेल तर एस्पान्योला, तेही एप्रिल ते डिसेंबरच. आमच्या ओळखीतले एक काका फेब्रुवारीत जाऊन अल्बाट्रॉस दिसला नाही म्हणून अजून चिडलेले आहेत :) पार्कची फी 2024 च्या ऑगस्टपासून 100 ची 200 डॉलर झालीय, पॅकेजमध्ये धरलीय का ते बघून घ्या.

वारा_प्यालेली: मला लक्झरी म्हणजे शांतता. रॉयल क्लिपर नावाचं पाच डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज आहे, 227 प्रवासी. बहुतेक केबिनना गोल खिडकी, बाल्कनी नाही, आंघोळीची जागा जेमतेम. पण पुढच्या टोकाला जाळं बांधलंय त्यात आडवं पडायचं, खाली थेट समुद्र, इंजिन बंद केलं की नुसता दोरांचा कुरकुर आवाज. ज्यांना रोज संध्याकाळी शो लागतो त्यांनी येऊ नये, खरंच.

हिशोबनीस: 'ऑल इन्क्लुझिव्ह' दिसलं की लेखी विचारा: टिप, कयाक, वायफाय, बंदरापर्यंतचं विमान, आणि आजारी पडलात तर तिथून हलवायचा इन्शुरन्स. आमच्याकडून एका कंपनीने कयाकचे वेगळे घेतले, कॉन्ट्रॅक्टमध्ये बारीक अक्षरात होतं म्हणे. एकट्याने जाणाऱ्यांनी सिंगल सप्लिमेंट, म्हणजे एकट्याने केबिन घेतल्याचा जादा आकार, आधी बघा, काही ठिकाणी जवळजवळ डबल पडतं.

वरणभात: व्हेज किंवा जैन असाल तर बुकिंग करतानाच कळवा. छोट्या जहाजाचं सामान सुरुवातीच्या बंदरातच भरतात, मध्ये कुठे कोथिंबीर मिळणारे? आमच्या सासूबाईंसाठी शेफने तिसऱ्या दिवशी स्वतः विचारून डाळीला फोडणी दिली, जिऱ्याऐवजी शहाजिरं होतं, पण त्यांनी दोनदा घेतली.

धागाकर्ती: वा, भारी! ह्यांचं आता नॉर्वे नॉर्वे चाललंय, गेइरांगरफ्योर्ड, ती डोंगरांत आत शिरलेली समुद्राची खाडी. तिकडे कुणी गेलंय का?

हिमगौरी: तिकडे 2026 पासून जागतिक वारसा फ्योर्डमध्ये 10000 ग्रॉस टनेजच्या (जहाजाच्या आकाराचं माप) आतल्या प्रवासी जहाजांना शून्य उत्सर्जनाचा नियम लागलाय, मोठ्यांना 2032 पर्यंत मुदत आहे. म्हणजे इथे लहान जहाजवाल्यांचीच आधी अडचण. तुमचं जहाज गेइरांगरच्या आत जाणार की बाहेरूनच बसने नेणार, हे पैसे भरायच्या आधी ईमेलवर लिहून घ्या.