परसातल्या कोंबड्यांना उन्हाळ्यात पाणी कशात आणि कसं द्यावं? (वर्धा)

पऱ्हाटी:
नमस्कार मंडळी. घरामागे कडुनिंबाखाली आमच्या चौदा कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. बऱ्याचशा गावठी, काही गिरिराज आणि दोन कडकनाथ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या). दिवसभर मोकळ्या असतात, रात्री टिनाच्या खुराड्यात. हिवाळाभर अंडी भरपूर मिळाली, पण आता पारा चाळिशीपार गेलाय आणि मे महिना अजून यायचाय. आमच्याकडे तेव्हा ४५ अंश म्हणजे नेहमीचंच.

दुपारी सगळ्या चोच उघडी टाकून, पंख अंगापासून लांब धरून बसतात. अंडी कमी झाली आहेत आणि जी मिळतात त्यांचं कवच हातात घेतलं तरी पिचतं. पाणी सध्या घमेल्यात ठेवते. सकाळी भरलं की थोड्याच वेळात त्यात माती, शीट, पालापाचोळा. दुकानदार निपलची (चोचीने दाबली की थेंब देणाऱ्या तोट्यांची) बादली घ्या म्हणतो, शेजारचे प्लास्टिकचं उलट्या डब्याचं भांडं पुरे म्हणतात. काय घेऊ? आणि पाण्यात कुणी हळद, कुणी व्हिनेगर, कुणी लाल औषध (पोटॅशियम परमँगनेट) टाकायला सांगतं, त्यातलं खरंच काय घालावं? नळ एक दिवसाआड येतो, पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीत साठवलेलं असतं.

रानवारा (दौंड):
ताई, भांड्याआधी मापाचं बघा. एक मोठी कोंबडी बऱ्या हवेत दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, उन्हाळ्यात तेच अर्ध्या लिटरवर जातं. म्हणजे तुमच्या कळपाला सात-साडेसात लिटर पोटात जायला लागतं. सांडणारं धरून दहा लिटर तरी रोज हाताशी हवं. अंड्यात पाऊण भाग पाणीच असतं, त्यामुळे एखादी दुपार भांडं कोरडं राहिलं तरी पुढच्या दिवसांत अंड्यांवर दिसतं.

आणि एकाच जागी ठेवू नका. कळपात दोन-तीन दांडग्या कोंबड्या असतातच, त्या भांड्यापाशी ठाण मांडतात आणि गरीब कोंबड्या दुपारभर लांब उभ्या राहतात. एक भांडं कडुनिंबाखाली, दुसरं घराच्या पलीकडच्या सावलीत, एकमेकांना दिसणार नाहीत असं.

माझं मत उलट्या डब्याच्या भांड्याला. दोन घ्या, पाच लिटरवाली. विटेवर ठेवा, म्हणजे काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला येतो आणि पायाने उकरलेली माती आत जात नाही. पारदर्शक डबा नको, उन्हात शेवाळ धरतं.

कृष्णाकाठ:
मी निपलच्या बाजूने बोलतो. बादलीला खालून निपल लावले की पाणी झाकलेलं राहतं, खाली ओल होत नाही, रोज घासायची कटकट नाही. पण अडचणीही सांगतो. तुमच्या मोठ्या गावठी कोंबड्या जन्मभर उघड्या भांड्यातून प्यायलेल्या आहेत, त्यांना निपल शिकायला वेळ लागतो. ऐन उन्हाळ्यात शिकवणी नको, ती पावसाळ्यानंतर सुरू करा. तुमच्या तलंगा आधी शिकतील आणि त्यांचं बघून बाकीच्या. दुसरं, बोअरच्या जड पाण्याने निपलमध्ये क्षार बसतात, मग एकतर गळतं नाहीतर थेंबच येत नाही. बादली भरलेली दिसते आणि कोंबड्या तहानलेल्या. म्हणून रोज सकाळी प्रत्येक निपल बोटाने दाबून बघायचा, यात सवलत नाही.

धाप लागलेल्या कोंबडीला चोच आणि तुरे बुडवून भरभर प्यायचं असतं, ते थेंबाथेंबाने होत नाही. त्यामुळे निपल असले तरी एप्रिल-मेमध्ये एक उघडं भांडं मी ठेवतोच.

आजीचं परसू (अमरावती):
पऱ्हाटी, तुझ्याच भागातली आहे म्हणून सांगते. तुझी खरी अडचण ती काळी टाकी आहे. दुपारी त्या नळाखाली हात धरून बघ, चटका बसतो. कोंबडी अशा पाण्यात एकदा चोच घालते, मान झटकते आणि निघून जाते. भांडं भरलेलंच राहतं, आपल्याला वाटतं पाणी आहे की. महागाचं भांडं आणून त्यात हेच पाणी ओतलं तर काय उपयोग?

मी काय करते ते सांगते. कुंभाराकडून पसरट, जाड बुडाची मातीची भांडी आणलीत. झिलई नसलेली, पाझरणारी. ती निम्मी मातीत पुरलीत, भोवती ओली रेती. रात्री माठात भरून ठेवलेलं पाणी सकाळी त्यात घालते, अकरा-साडेअकराला एकदा बदलते आणि तीनच्या सुमारास परत. काढलेलं पाणी कढीपत्त्याला. भांड्यावर आडव्या तुराट्या बांधल्यात, चोच आत जाते पण पाय जात नाही. शेवाळ मात्र मातीच्या भांड्याला लवकर धरतं, म्हणून दर दोन दिवसांनी राखेने नि नारळाच्या शेंडीने घासून उन्हात पालथं घालायचं. चार भांडी असली की आलटून पालटून होतं.

आणि त्या टिनाच्या खुराड्यावर पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) पसर जाड थर करून, आधी टिनाला पांढरा चुना मार. चूल जवळ असेल तर पऱ्हाट्यांऐवजी ओली पोती टाक, ठिणगीची भीती नको. जुन्या कूलरची ताटी फेकू नकोस. वाऱ्याच्या बाजूला टांग आणि दुपारी तिच्यावर पाणी मार. समोरची बाजू मात्र पूर्ण मोकळी ठेव, नाहीतर आत दमट होऊन आणखी गुदमरतात.

पशुवैद्य_माणदेश:
आजींचं बरोबर आहे. कारणं थोडी सांगतो.

कोंबडीला घाम येत नाही. तिचं अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास, त्यामुळे बाहेर चाळीस झालं की उष्णता टाकायला तिच्याकडे धाप हाच मुख्य मार्ग उरतो आणि धापेतून पाणी जातं. धाप लागली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो. कवच बनतं कॅल्शियम कार्बोनेटचं, तिथेच तूट येते. त्यात ती खाणंही कमी करते. म्हणून पातळ कवचाला नुसता चुना पुरत नाही, आधी गारवा हवा. तरी शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवा, विशेषतः संध्याकाळी, कारण कवच मुख्यतः रात्री तयार होतं.

खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्या. पचनातूनही अंगात उष्णता होते, भर दुपारी पोट भरलेली कोंबडी लवकर कोसळते. पाण्यावर कोंबड्या दोनदा गर्दी करतात, सकाळी खुराड्यातून सुटल्यावर आणि सांजेला आत जाण्याआधी. त्या दोन्ही वेळी भांडं ताजं भरलेलं हवं.

पाण्यात काय घालावं? रोज काहीच नाही. फार तापलेल्या दिवशी इलेक्ट्रोलाइटची (क्षारांची) पुडी, पाकिटावरच्या मापाने, आणि शेजारी साधं पाणी असू द्या. व्हिनेगर घालायचंच असेल तर जस्ताच्या पत्र्याच्या भांड्यात कधीच नको, जस्त पाण्यात उतरतं. लाल औषध रोज घालायची गरज नाही, पाणी गडद झालं की कोंबड्या पितच नाहीत आणि जास्त प्रमाणात ते घातकच. अँटिबायोटिक स्वतःहून तर मुळीच नको, त्याचा अंश अंड्यात उतरतो आणि ती अंडी घरातली पोरं खातात.

एखादी कोंबडी कलंडली, मान टाकली, तर तिला सावलीत घ्या, पाय आणि तुरा साध्या पाण्याने ओला करा, वारा घाला. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. घशात जबरदस्तीने पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. मान वाकडी होणं, हिरवी हगवण, पाठोपाठ दोन-तीन मरणं, हे उन्हाचं लक्षण समजू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

वाशिष्ठी:
आमच्याकडे चिपळुणात उलटी गत, पाणी जास्तच. पण एक गोष्ट तिकडेही लागू पडेल. भांड्याभोवती चिखल होऊ देऊ नका. ओल्या तुसात रक्ती हगवणीचा जंतू वाढतो आणि पहिली पिल्लं जातात. पाण्याखाली विटांचा चौथरा करून वर जाळी टाका, सांडलेलं खाली जाईल. आणि उघड्या पाण्यावर कावळे, बगळे येणार नाहीत असं बघा. नवापुरात २००६ साली बर्ड फ्लूने काय हाल झाले ते आठवतंय ना, रानपक्ष्यांची शीट आपल्या पाण्यात नकोच.

पऱ्हाटी:
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलंय: आत्ता मातीची चार भांडी आणि दोन जागा, उलट्या डब्याचं एक भांडं खुराड्यात, निपल दिवाळीनंतर. माठ आजच भरते.

आणखी दोन विचारू का? एक गावठी कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसली आहे, उठतच नाही. आणि पिल्लं निघाली की त्यांना रानीखेत रोगाची लस पाण्यातून देतात म्हणे, ती कशी?

आजीचं परसू (अमरावती):
खुडूक कोंबडी दिवसातून एखाद्या वेळीच उठते, तेवढ्यात खाणं-पिणं-शिटणं उरकते. तिचं पाणी दोन पावलांवर हवं, कळपाच्या भांड्यापर्यंत जायला लावू नकोस. डालगं घरातल्या गार कोपऱ्यात, माठाजवळ ठेव. पिल्लांना खोल भांडं नको. पसरट ताटलीत धुतलेले खडे घाल, त्यांच्यामधलं पाणी पितात, बुडत नाहीत. पहिल्या दिवशी थोडं गुळाचं पाणी दे.

पशुवैद्य_माणदेश:
लासोटाची (हीच रानीखेतची लस) पहिली मात्रा साधारण पहिल्या आठवड्यात, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. पाण्यातून देतात ती पुढची. ही जिवंत लस असते, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ती मरते. म्हणून विहिरीचं पाणी घ्या. त्यात लिटरला पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर आधी ढवळा, मग लस. आदल्या आणि नंतरच्या दिवशी पाण्यात कोणतंही जंतुनाशक नको, भांडं साबणानेही घासू नका. उन्हाळ्यात हे उजाडतानाच करा. तासभर आधी पाणी काढून ठेवलं की पिल्लं तहानेने सगळं संपवतात. दीड-दोन तासांत संपेल एवढंच बनवा, उरलं तर टाकून द्या. कुपी दुकानातून घरी येईपर्यंत बर्फात असली पाहिजे. सगळ्यात लहान कुपीतही साधारण शंभर मात्रा असतात, तेव्हा गल्लीतल्या कोंबड्यावाल्यांना आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि एकाच सकाळी सगळ्यांनी वापरा.